डिओर ठेवलं, बाकी काढलं

मागच्या वर्षी आमच्या टीमने एक जुनी सिस्टिम बंद केली. ती बारा वर्षं सांभाळणाऱ्या सपोर्टच्या दादांनी मला तिचा कोपरान् कोपरा समजावून दिला. संध्याकाळी थांबून, चहा स्वतःच्या पैशाने पाजून. नवी सिस्टिम आली की त्यांचं काम उरणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना नव्हतं.

त्याच सुमारास मी बर्नार आर्नोबद्दल वाचत होतो. लुई व्हितों, डिओरवाला. तोही इंजिनिअर, पॅरिसजवळच्या एकोल पोलितेक्निकचा. १९८४ मध्ये त्याने बुसाक हा बुडीत निघालेला कापडसमूह घेतला. त्यात गिरण्या होत्या, दुकानं होती, बाळांचे डायपर होते आणि या पसाऱ्यात ख्रिश्चन डिओर होतं. नोकऱ्या टिकवू, असं त्याने सरकारला सांगितलं होतं. पुढच्या काही वर्षांत सुमारे ९,००० माणसं घरी गेली, बहुतेक धंदे विकले गेले. डिओर राहिलं. १९८९ मध्ये एलव्हीएमएच त्याच्या ताब्यात आलं, आणि २०२३ च्या फोर्ब्स यादीत २११ अब्ज डॉलर्ससह तो जगात पहिला होता.

मला सुरुवातीला हे पटलंच. नको असलेला कोड काढायचा, चालणारं मॉड्यूल ठेवायचं. आम्ही रोज तेच करतो. उत्तर फ्रान्समधल्या त्या गिरण्या तशाही टिकल्या नसत्या, असं म्हणता येतं. कदाचित खरंही असेल.

पण मग आश्वासन कशाला दिलं? ‘गिरण्या बंद करणार आहे’ असं आधीच सांगितलं असतं, तर समूह त्याच्या हाती लागला असता का? मला तरी वाटत नाही. म्हणजे ज्यांना काढायचं होतं, त्यांच्याच नोकऱ्यांचा शब्द देऊन त्याने डिओर मिळवलं. कपात एकवेळ समजू शकते. हे नाही समजू शकत.

आणि इथेच माझी पंचाईत होते. मी तर शब्दही दिला नव्हता, नुसता गप्प बसलो होतो. पण दादांना कळलं असतं तर त्यांनी इतकं मन लावून केटी दिली असती? माझं प्रमोशन त्याच प्रोजेक्टवर झालं.

दिवाळीला त्यांचा मेसेज आला : ‘नवीन सिस्टिम नीट चालतेय ना? रात्रीच्या बॅचकडे लक्ष ठेव.’

मी अंगठा पाठवला.