कोपी तुमच्याच बांधावर आहे

डाळजच्या पोरांनो, आज रागावून बोलणार आहे. ऐकून घ्या. माझ्या वर्गातून बाहेर पडून तुमच्यातला कोणी बागायतदार झाला, कोणी कारखान्याचा स्लिपबॉय, कोणी ग्रामपंचायतीचा सदस्य. परवा ऊसतोडकऱ्यांच्या झोपडीतली, कोपीवरची, एक गरोदर बाई तापाने फणफणलीय असं कानावर आलं, तेव्हा तुमच्यातलाच एक म्हणाला, "सर, त्यांचा मुकादम बघंल की. आपला काय संबंध?" त्याला मी तिथेच झापलं. पण हे वाक्य त्या एकट्याचं नाही. तो बोलला, बाकीचे गप्प राहिलात, एवढाच फरक.

संबंध विचारता? दिवाळी झाली की बीडकडच्या, अहिल्यानगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या कोयत्याने तुमचा ऊस पडतो, तेव्हा कुठे तो शेटफळगढे, भवानीनगर, बिजवडीच्या कारखान्यांच्या वाटेला लागतो. टोळीला यायला चार दिवस उशीर झाला की मुकादमाला फोनवर फोन लावता. ती आली की कोपी घालायला बांधाकडेची जागा दाखवता. आणि तिथून पुढचे पाच महिने त्या कोपीत कोण आजारी आहे, कोण बाळंतीण आहे, कोणाच्या लेकराचा डोस चुकलाय, इकडे मान वळवून बघत नाही.

पुण्याहून फ्लेमिंगो बघायला आलेली गाडी महामार्गावर थांबली, तर कुंभारगावच्या बोटीपर्यंत तिला वाट दाखवायला तुम्ही पुढे धावता. चांगलं करता. मग केज-धारूरहून आलेल्या बाईला सरकारी दवाखाना कुठल्या बाजूला आहे, हे सांगायला तुमची जीभ का जड होते?

त्यांना स्वतः जाता येत नाही का, असंही विचाराल. जरा त्यांचा हिशेब समजून घ्या. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधीच दोघांनी मिळून उचल घेतलेली असते. एक दिवस बसलं की खाडा पडतो आणि त्याचे पैसे त्या उचलीवर चढतात. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला. दवाखाना उघडा असतो तेव्हा ती बाई मोळ्या बांधत असते. म्हणून ती मेडिकलमधून वेदनेची गोळी आणून गिळते आणि कामाला लागते. कोपीला संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीच्या दिवसांतही सुटका नाही. अंगावर काढलेलं दुखणं शेवटी कुठे जातं, ते 2019 साली बीड जिल्ह्यातल्या सर्वेक्षणाने दाखवलं. 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक. हा आकडा विधिमंडळापर्यंत गाजला, तुमच्या पारापर्यंत मात्र पोचला नाही. आपण खातो ती साखर याच बायकांच्या हातून येते.

आता सबबी संपवू. म्हणता, त्यांच्याकडे इथला कागद नाही. अरे, सरकारी दवाखान्यात उपचार घ्यायला डाळजचा रहिवासी असावं लागत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मोठं दुखणं असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. तिला रेशनकार्ड आणि आधार लागतं, आणि बीडचं रेशनकार्ड पुणे जिल्ह्यातही चालतं, कारण योजना राज्याची आहे. बाळाची लस कुठल्याही सरकारी केंद्रावर मिळते. क्षयाच्या गोळ्याही इथे चालू ठेवता येतात. त्या मध्येच बंद पडणं फार धोक्याचं. अंगणवाडीचा आहार आणि वजनाची नोंद यांवर त्या लेकरांचा तुमच्या लेकरांइतकाच हक्क आहे.

सगळं आहे, तरी पोचत नाही. का? आशाताईच्या वहीत गावातली घरं असतात. फडाच्या कडेला काल उभी राहिलेली कोपी तिला कोणी सांगितल्याशिवाय कळणार कशी? गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडे राहिलेलं असतं. रात्री फडात साप चावला आणि त्यांनी 108 ला फोन लावला, तर पलीकडून विचारतात, ठिकाण कुठलं? परमुलखातल्या माणसाला काय ठाऊक, हा कोणाचा मळा, कुठली वस्ती, कुठल्या चारीवरून आत वळायचं? ते ठाऊक आहे तुम्हाला. आणि तुम्ही घरात झोपलेले असता, कारण कोपीवर कोणाकडे तुमचा नंबरच नसतो.

उजनी धरणाच्या पाण्याखाली या पट्ट्यातली गावं गेली. पळसदेवचं जुनं देऊळ आजही पाण्यात उभं आहे. बिऱ्हाड उचलून नव्या जागी जाणं काय असतं, हे तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्या घरांतल्या पोरांनी तरी उपऱ्या माणसाला "तुझा तू बघ" म्हणू नये.

आता कामं सांगतो, नीट लक्षात ठेवा. हंगामाआधी मुकादमाला फोन करताच, तेव्हाच बजावा की प्रत्येक घराने रेशनकार्ड, आधार, गरोदर बाईचं कार्ड आणि लेकरांचं लसीचं कार्ड बरोबर आणायचं. कोपी उभी राहिली की त्याच आठवड्यात आशाताईला आणि अंगणवाडीताईला तिथे घेऊन जा, नावं लिहून घ्या. बाईमाणसाशी बोलायचं असेल तर घरातल्या बायकांना पाठवा. प्रत्येक कोपीवर तुमचा नंबर, 108 आणि मळ्याचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून लावा. साप चावला तर मांत्रिकाकडे नव्हे, थेट सरकारी दवाखान्यात न्या; सापाच्या विषावरची लस तिथे असते. भिगवणला, इंदापूरला किंवा बारामतीला न्यायची वेळ आली तर गाडी काढा आणि सोबत जा. केसपेपर काढण्यापासून डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगण्यापर्यंत थांबा. गर्भाशय काढायला कोणी सांगितलं तर घाईने सही होऊ देऊ नका, आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आणि जी बाई दवाखान्यात गेली, तिचा त्या दिवशीचा खाडा धरू नका, असं मुकादमाला तोंडावर सांगा. बागायतदाराचा शब्द तो मोडत नाही.

यातल्या एकाही कामाला फारसा पैसा लागत नाही. ठाऊक असूनही वाट न दाखवणं हा अपराध आहे, आणि तो तुमच्या माथी आहे. या आठवड्याच्या आत तुमच्या बांधावरच्या प्रत्येक कोपीची नावं आशाताईच्या वहीत चढलेली मला दिसली पाहिजेत.