सहलीची किंमत कोणत्या रकान्यात?

या संवादातले बापलेक काल्पनिक आहेत. दर आणि नियम मात्र खरे. बाबा सांगलीचे. एलआयसीचे जुने एजंट, शिवाय एका आरोग्य विमा कंपनीची एजन्सी आणि म्युच्युअल फंड विकायला लागणारा एआरएन क्रमांक. मुलगी पुण्यात. तिच्यापुढे तीन वाटा: बँकेत रिलेशनशिप मॅनेजर व्हायचं, सेबीकडे नोंदणी करून फी घेणारी सल्लागार व्हायचं, की बाबांचंच काम पुढे चालवायचं. तिन्हींची कमाई एका कागदावर मांडायला ती बसली आणि पहिल्याच ओळीत अडली.

“बाबा, वर्षाला तुम्हाला मिळतं किती?”

“नुसतं कमिशन सांगू, की सगळं धरून?”

या ‘सगळं’मध्ये बरंच येतं. 2023 मध्ये सरकारने एलआयसी एजंटांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा 3 लाखांवरून 5 लाखांवर नेली आणि त्यांचं टर्म विम्याचं कवच 25,000 ते दीड लाख रुपयांपर्यंत वाढवलं. जास्त धंदा आणणाऱ्या एजंटांच्या क्लबची मेंबरशिप वेगळी. एजंटच्या पश्चात नूतनीकरणाचं कमिशन वारसाला मिळण्याची सोयही आहे. हा वारस इथे समोरच पेन घेऊन बसलेला.

“आणि बँकॉक?” तिने विचारलं. आरोग्य विम्याचं टार्गेट पुरं केल्याबद्दल बाबांना मिळालेली ती सहल.

“ती शून्य धर. स्वतःच्या पैशाने मी बँकॉकला कधी गेलो नसतो. जी वस्तू मी विकत घेतलीच नसती, तिची मला किंमत काय?”

युक्तिवाद बिनतोड वाटतो. आयकर खातं तो मानत नाही. 1 जुलै 2022 पासून लागू झालेल्या कलम 194आरनुसार धंद्यातून मिळालेले असे लाभ वर्षाला 20,000 रुपयांच्या वर गेले की त्यांवर 10 टक्के टीडीएस कापायचा. टार्गेट पुरं केल्याबद्दल दिलेल्या सहलीचा उल्लेख खात्याच्या परिपत्रकातच आहे. मुलीचा आक्षेप मात्र कराचा नव्हता.

“तुम्ही शून्य धरलीत, पण त्या शून्यासाठी मार्चमध्ये निवृत्त मास्तरांची चांगली चाललेली पॉलिसी दुसऱ्या कंपनीतून पोर्ट करून आणलीत ना?”

“नव्या पॉलिसीत त्यांचं नुकसान काही झालं नाही.”

“फायदा झाला?”

बाबांनी चष्मा पुसायला घेतला.

सहलीची मेख इथेच आहे. तेवढीच रक्कम रोख मिळाली असती तर ती बारा महिन्यांच्या कमाईत मिसळून गेली असती. सहलीला तारीख असते, शेजारी पाहतात, आणि दोन पॉलिसी कमी पडल्या तर ती अर्धी मिळत नाही. सेबीने ऑक्टोबर 2018 मध्ये म्युच्युअल फंडांतलं आगाऊ कमिशन बंद करून फक्त ट्रेल, म्हणजे पैसे फंडात असेपर्यंत मिळत राहणारं कमिशन, ठेवलं, तेव्हा प्रशिक्षणाच्या नावाखाली वितरकांना बक्षिसी देऊ नये, असंही बजावलं. प्रशिक्षणं कुठे-कुठे भरत असत, हे त्या धंद्यातल्या कोणालाही विचारावं.

“फी हाच सरळ मार्ग,” मुलगी म्हणाली. “एक लाख हप्त्याच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी पूर्वी 35,000 पर्यंत सुटायचे. तेच लाख फंडात घातले आणि ट्रेल पाऊण टक्का धरला, तर 750. एवढा फरक समोर दिसत असताना कोण तटस्थ राहील?”

“आणि तुझी फी तटस्थ?” आता बाबांची पाळी होती. “सेबी तुला दोन पद्धती देते. एक, ग्राहकाच्या मालमत्तेवर अडीच टक्क्यांपर्यंत. मग तो विचारणार, गुंतवणूक मोडून गृहकर्ज फेडू का? ‘फेडा’ म्हणालीस की तुझी फी घटली. दुसरी, ठरावीक रक्कम, कुटुंबामागे वर्षाला 1,51,000 पर्यंत. ती देणारे सांगलीत किती? दोन हजारांची एसआयपी करणारी अंगणवाडी सेविका तुला काय देणार? तिचा नवरा गेला तेव्हा दहाव्याच्या आधी क्लेमचा फॉर्म घेऊन मी गेलो होतो. त्याची फी कशी लावशील?”

हा टोला पोकळ नाही. ब्रिटनने 2012 संपताना गुंतवणुकीच्या सल्ल्यावरचं कमिशन बंद केलं. सल्ला स्वच्छ झाला, पण लहान रकमांच्या ग्राहकांना सल्लागार मिळेना, ही तक्रार तिथे अजून आहे. भारतात एलआयसीचे एजंट सुमारे 14 लाख, तर सेबीकडचे नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आसपास. तरीही बाबांच्या बोलण्यात एक फट राहतेच. त्या सेविकेच्या दारी जाण्याचा खर्च कोणाच्या तरी हप्त्यातून निघतो, आणि तो ‘कोणी’ बहुधा मास्तरांसारखाच, न विचारणारा.

बँकेच्या पर्यायावर दोघांनी फारसा वेळ घालवला नाही. पगार पक्का, पण टार्गेट साहेबांचं.

“मग सल्लागार हो आणि माझे ग्राहकही घे,” बाबा म्हणाले.

“नाही घेता येणार. आईवडील, नवरा, मुलं यांपैकी कोणी ज्याला वितरण सेवा देतं, त्याला सल्ला देता येत नाही. 2020 चा नियम. मामा असतात तर चाललं असतं. आता एक तर तुम्ही, नाही तर मी, निवड ग्राहकाची.”

बाबांनी डायरी उघडली, हप्त्यांच्या तारखांवरून बोट फिरवलं. “डॉक्टर येतील तुझ्याकडे. हळदीचे व्यापारी नाही येणार.”

“पण अशी निवड आहे, हे तुम्ही त्यांना सांगाल?”

“सांगेन की,” बाबा म्हणाले. “मार्च होऊ दे.”