स्वस्त आणि मोलाचे

साताऱ्याहून सांगलीकडे जाताना एकाच स्कूटरवर पावसात भिजत चाललेले चौघांचे कुटुंब दिसले, की आम्हांस नॅनो आठवते. असेच दृश्य पाहून रतन टाटांना ती मोटार सुचली होती. २००९ साली लाखभर रुपये मूळ किमतीत ती बाजारात आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरुदच तिला बाधले. गरिबाची गाडी दारात उभी करणे पुष्कळांना कमीपणाचे वाटले. २०१४ च्या अपघात-चाचणीत तिला एकही तारा मिळाला नाही, हा आक्षेप मात्र खरा होता. परंतु स्कूटरवरील त्या चौघांना पत्र्याचाही आडोसा नसतो. म्हणून स्वस्त वस्तूचे मोल ठरविताना ती श्रीमंताच्या मोटारीशी ताडून पाहू नये. गरजवंताच्या आजच्या हालांशी ताडावी. आणि ती घडविणाऱ्यानेही, काटकसर कोणाच्या जिवावर होते आहे, हे स्वतःस विचारावे.