हलाल ताटाचा हिशेब

वाचकहो, अन्नाविषयी आपण सहसा एकच प्रश्न विचारतो : हे हलाल आहे काय? प्रश्न रास्त आहे. पण तो पहिला प्रश्न आहे, शेवटचा नव्हे. पवित्र कुरआनने ‘हलाल’सोबत ‘तय्यिब’ म्हणजे शुद्ध व हितकर हा शब्द जोडला आहे. सूरह अल्-आराफमध्ये खाण्यापिण्याची मुभा देतानाच अतिरेकास मनाई केली आहे. म्हणजेच वस्तू हलाल असूनही तिचा वापर इस्राफ ठरू शकतो. या इस्राफचे परिणाम आपल्या ताटापाशीच थांबतात काय?

वस्तुस्थिती पाहू. गाय, म्हैस, शेळी, मेंढी रवंथ करतात तेव्हा त्यांच्या पोटात मिथेन वायू तयार होतो. पाणी तुंबवलेल्या भातखाचरांतून आणि कचऱ्याच्या ढिगात कुजणाऱ्या अन्नातूनही तो निघतो. वीस वर्षांच्या मुदतीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. कोळसा व खनिज तेलाचा वाटा याहून मोठा आहे, हे खरे. पण अन्नाचा वाटा क्षुल्लक नाही. अशा रीतीने साठलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्र पोटात घेतो. तापलेले पाणी वादळांना बळ देते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरुडकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. एखाद्या वादळाचे सारे खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही. परंतु अरबी समुद्र तापत आहे, हे निश्चित.

भूमी व समुद्रातील बिघाड ही माणसाच्या हातांची कमाई आहे, असे सूरह अर्-रूम बजावते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका जहाजाचा दृष्टान्त दिला आहे. खालच्या मजल्यावरील लोक पाण्यासाठी आपल्याच हिश्श्यात छिद्र पाडू पाहतात. वरच्यांनी त्यांना अडवले नाही तर सारेच बुडतात. ‘माझे ताट, माझा पैसा’ म्हणणाऱ्यास हे उत्तर पुरेसे आहे. आज मात्र छिद्र बहुधा वरच्या मजल्यावरचे संपन्न लोक पाडतात आणि पाणी आधी मच्छीमाराच्या व शेतकऱ्याच्या घरात शिरते.

मग मांस वर्ज्य करावे काय? नाही. अल्लाहने हलाल केलेले स्वतःहून हराम ठरवण्यास सूरह अल्-माइदामध्ये मनाई आहे. शिवाय सरासरी भारतीयाचे मांससेवन श्रीमंत देशांच्या तुलनेत फार थोडे आहे. तेव्हा या प्रश्नाचे निमित्त करून कोणा एका समाजाकडे बोट दाखवणे न्यायाचे नाही. परंतु दुसऱ्याचा अन्याय हा आपल्या उधळपट्टीचा परवाना होत नाही. वलीम्याच्या मंडपामागे फेकलेल्या बिर्याणीकडे पाहा. तिच्यात जनावराचा जीव आहे, भाताचे पाणी आहे, शेतकऱ्याचा घाम आहे. आणि कुजताना ती पुन्हा मिथेनच सोडते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ग्राहकांसाठी उपलब्ध अन्नापैकी सुमारे एकपंचमांश वाया गेले.

खाली पडलेला घासही स्वच्छ करून खावा, ताट पुसून घ्यावे, कारण बरकत कोणत्या कणात आहे हे आपणास ठाऊक नाही, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पाहुणे मोजून अन्न शिजवावे, पदार्थांची संख्या आवरावी, उरलेले वेळीच गरजूंच्या घरी पोहोचवावे आणि रोजच्या जेवणात डाळी-भाज्यांना मानाचे स्थान द्यावे. एवढ्याने समुद्र थंड होणार नाही. पण कयामतच्या दिवशी प्रत्येक नेमतीविषयी विचारणा होणार आहे, आणि तेव्हा आपल्याला हिशेब आपल्या हिश्श्याचाच द्यायचा आहे.

अल्लाह आपणा सर्वांस ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.