फोर्स लिहिताना हात थरथरला नाही?

अरे, "सर, डिस्क गेली" म्हणतोस, पण ती गेली हे तुला सांगितलं कोणी? स्क्रीनवर एवढंच आलं होतं की अमुक यूयूआयडीचं डिव्हाइस सापडत नाही. सापडत नाही म्हणजे मेलं, हा अर्थ तू काढलास. वीज जाऊन आल्यावर सर्व्हर उठला, व्हॉल्यूम ग्रुप अर्धवट दिसला आणि तू थेट व्हीजीरिड्यूस चालवलंस. तेही रिमूव्हमिसिंग लावून. त्याने आधी तुझं ऐकलंच नव्हतं. हरवलेल्या डिस्कवर लॉजिकल व्हॉल्यूमचा भाग आहे, असं बजावून ते थांबलं होतं. त्यापुढे फोर्स तू स्वतःच्या बोटांनी जोडलास! दोन्ही डिस्कवर पसरलेलं दुधाच्या हिशेबाचं व्हॉल्यूम त्या क्षणी यादीतून उडालं. आणि तासाभराने केबल ढिली होती हे कळलं, तेव्हा डिस्क धडधाकट निघाली.

त्या व्हॉल्यूममध्ये काय होतं, ठाऊक आहे ना तुला? वडगाव रासाईचा पोरगा तू. भीमेच्या अलीकडच्या शिरूरच्या आणि पलीकडच्या दौंडच्या माणसांनी भल्या पहाटे घातलेलं दूध, त्याचं फॅट, त्याचं एसएनएफ, त्यावरून निघणारा दहा दिवसांचा पगार. पोराची फी आणि पेंडीची उधारी त्या पगारावर चालते. मग तो आकडा सांभाळणाऱ्याला डीमेसेज वाचायला पाच मिनिटं मिळत नाहीत? रासाईला नारळ कबूल करण्याआधी लॉग वाचायचा होतास.

क्रम काय शिकवला होता? आधी एलएसबीएलके: कर्नलला डिस्क दिसते का. दिसत नसेल तर केबल, कंट्रोलर, वीजपुरवठा. दिसत असेल आणि पीव्हीएसमध्ये येत नसेल, तर एलव्हीएमच्या कॉन्फिगमधला फिल्टर तपास; रेड हॅट 9 वर तर डिव्हाइस फाइलीत नाव नसलेली डिस्क एलव्हीएम विचारातच घेत नाही. नेटवर्कवरून येणारी आयस्कझी डिस्क बूटच्या वेळी उशिरा पोहोचते, तेव्हाही हीच एरर येते. शेवटी स्मार्टसीटीएल. यातली एकही कमांड डिस्कवर अक्षर लिहीत नाही. तुझी पहिलीच कमांड लिहिणारी होती, याचा मला संताप आहे. एआयएक्स आणि एचपी-यूएक्सवर निम्म्याहून जास्त डिस्क हजर असल्याशिवाय ग्रुप सहसा उघडतच नाही. त्याला क्वोरम म्हणतात. घाईची माणसं तिथेही तोच बंद करतात.

आता रडू नकोस, ऐक. सातबारावरचं नाव खोडलं म्हणून शेतातली माती हलत नाही. तू मेटाडेटा खोडलास. डेटाचे ब्लॉक जागेवर असायला हवेत, पण दोन अटींवर. लॉजिकल व्हॉल्यूम नव्याने बनवून त्यावर फाइलसिस्टिम घातलेली नसावी. "घालणारच होतो" म्हणालास, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दुसरं म्हणजे कॉन्फिगमध्ये इश्यू डिस्कार्ड्स शून्य असावं. मुळात ते शून्यच असतं, पण कुणी एक केलं असेल तर व्हॉल्यूम काढतानाच एसएसडीला त्या जागा रिकाम्या करायला सांगितलं गेलं असेल. ते आधी बघ.

मग ईटीसीमधल्या एलव्हीएमच्या आर्काइव्ह फोल्डरात जा. ग्रुप बदलणारी कमांड चालण्याआधी जुना मेटाडेटा तिथे ठेवला जातो आणि कोणत्या कमांडच्या आधीचा, हे फाइलीच्या वरच लिहिलेलं असतं. तुझ्या त्या फोर्सच्या आधीची फाइल हवी. आजची तारीख बघून कुठलीही उचलू नकोस, आज तू बऱ्याच कमांड चालवल्यास. त्या फाइलीवर व्हीजीसीएफजीरिस्टोअर आधी टेस्ट लावून, मगच खरं. त्यानंतर ग्रुप चालू कर आणि एफएससीके नुसतं तपासणीपुरतं, एन लावून. दुरुस्ती नको. माउंट करायचं ते केवळ वाचण्यासाठी, आणि डेटा दिसला की सगळ्यात आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी.

या सगळ्याच्याही आधी दोन्ही डिस्कची पूर्ण इमेज काढ. वेळ लागू दे. पगार उशिरा होणार हे संस्थेच्या सचिवांना आत्ता फोन करून तू सांग, कारणासकट. मग आर्काइव्हमधल्या फाइलींची यादी मला एकेक नाव घेऊन वाचून दाखव. तोपर्यंत एंटर दाबायचं नाही.