सातशे श्लोक थांबणार कोण?

वर्ध्यात गोपुरीचं गीताई मंदिर मला गेमसारखं वाटतं, हे मी घरात कधी मोठ्यानं बोललो नाही. १९८० साली खुलं झालेलं हे मंदिर. छप्पर नाही, मूर्ती नाही. उभ्या शिळांवर विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय कोरलेले. वाचायचं, सरकायचं, पुन्हा वाचायचं. संवाद माहीत असूनही पाय पुढे जातात.

मागच्या दिवाळीत हिंगणघाटचा भाचा सोबत होता. तो चौघं मित्र जमवून बीजीएमआय खेळतो, मी कथेचे रोल-प्लेइंग गेम. ‘मामा, एकटेच खेळून का भेटते जी तुमाले?’ मी शिळांकडे बोट दाखवलं. शंख फुंकून झाले, अर्जुन धनुष्य टाकून बसला आणि दोन्ही सैन्यं सातशे श्लोक उभी राहिली. तुझी टोळी थांबली असती? ‘ऊठ ना बे, झोन येऊन राहिला’ म्हणाली असती!

हे उत्तर मी बरीच वर्षं घासूनपुसून ठेवलं होतं. कॉलेजात कॅफेत तासाचे पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक खेळायचो, तिथे कथेची उणीव कुणाला भासली नाही. कथा म्हणजे घर, रात्र आणि हेडफोन. २०१२ मध्ये मास इफेक्ट ३ आला आणि माझं मत पक्कंच झालं. त्यात युद्धाच्या तयारीचा एक आकडा होता. कथा कितीही मन लावून खेळा, तो ५० टक्क्यांवर अडकलेला. वर न्यायचा तर मुख्यतः मल्टिप्लेअरमध्ये जाऊन गोळ्या झाडायच्या. तीन भाग एकेका सोबत्याचं सुखदुःख ऐकलेल्या माणसाला शेवटाच्या दारात हमाली सांगावी, तसं ते झालं.

पुढे या खेळांचं मूळ वाचायला घेतलं आणि पंचाईत झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये निघाला, तो टेबलाभोवती बसून खेळायचा. फासे, कागद, गोष्ट चालवणारा एक आणि त्याच्याशी हुज्जत घालणारे चारपाच मित्र. संगणक आला तेव्हा गोष्ट चालवणाऱ्याची खुर्ची त्यानं घेतली. मित्र मात्र बहुतेक वेळा बाहेरच राहिले. बहुतेक वेळा म्हणतो, कारण १९७८ मध्येच एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांनी मिळून खेळायचा ‘मड’ नावाचा संगणकावरचा खेळ सुरू केला होता. मी ज्याला कथेचा धर्म समजत होतो, ती यंत्राची सोय निघाली.

तेव्हा आजीकडची श्रावणातली पोथी आठवली. एक वाचायचा, एक अर्थ सांगायचा, मध्येच कुणी शंका काढायचं, कुणाचं पोर रडायचं. वाचन थांबायचं, पुन्हा लागायचं. इतक्या माणसांत कथा मोडली नाही, कारण घाई कुणालाच नव्हती.

नुसती माणसं जमवूनही भागत नाही. २०१८ च्या फॉलआउट ७६ मध्ये गोष्टीतली जिवंत माणसं काढून जग खेळाडूंवर सोपवलं. ते ओसाड वाटलं आणि २०२० मध्ये माणसं परत आणावी लागली. उलट लॅरियन स्टुडिओचा डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन (२०१४) दोघांसाठी बेतलेला. संवादात मतभेद झाला की दगड-कागद-कात्री! वाद हाच कथेचा भाग. त्याच लॅरियनच्या बाल्डर्स गेट ३ मध्ये (२०२३) चौघं खेळू शकतात. एक बोलतो, बाकीचे ऐकत थांबू शकतात.

म्हणून आता मल्टिप्लेअरला माझी ना नाही. मागाहून शिवलेल्या ठिगळाला आहे. काही गोष्टींना तर सोबत सोसतच नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी (२०२०) घ्या. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या त्या मुलीबरोबर आणखी तिघं धावली असती, तर ते हरवणं तिचं एकटीचं राहिलं नसतं.

त्या रात्री भाच्याबरोबर डिव्हिनिटी लावला. समोरच्या माणसाला मला बोलतं करायचं होतं, त्याला तलवार काढायची होती. दगड-कागद-कात्रीत तो जिंकला. माणूस मेला, त्याला काय माहीत होतं तेही त्याच्याबरोबर गेलं. भाचा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

‘मामा, जुना सेव्ह हाय का जी?’