ठरावाआधी एक कळशी

पोलादपूरच्या डोंगरात एक वाडी होती. पावसाळ्यात घरांच्या मागून पऱ्ये धावायचे आणि मे उजाडला की डोळे टँकरच्या वाटेकडे लागायचे. जुलै २०२१च्या ज्या पावसात महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, त्याच पावसात या वाडीच्या झऱ्यावरही माती उतरली. माणसं वाचली, पण झऱ्याचं तोंड बुजलं. तेव्हापासून उन्हाळ्यात बायका रात्री दोनला उठून खाली उतरायच्या आणि खड्ड्यात साचेल ते पाणी वाटीवाटीने कळशीत भरायच्या.

पुढे पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आला. त्यातला साठ टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. उरलेला अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. आराखडा जवळजवळ ठरला होता : एसटी थांब्याजवळ उंच टाकी आणि शेजारी कमान. कमान वाडीतल्या चाकरमान्यांच्या मुंबईच्या मंडळाला हवी होती. त्यात वाईट काहीच नव्हतं. पोटासाठी लांब गेलेल्या माणसाला आपल्या वाडीचं नाव दुरून दिसावंसं वाटतंच.

१ मेची ग्रामसभा जवळ आली. त्याआधी महिलांची सभा व्हायला हवी. आजवर ती सभा म्हणजे रजिस्टर घरोघर फिरवून सह्या-अंगठे घेणं. नव्या सरपंचबाईंनी ती रात्री झऱ्यावरच भरवली. बायका तिथे नाहीतरी तासन्‌तास बसलेल्याच असत. खालच्या बौद्धवाडीतल्याही होत्या. एक आजी म्हणाली, "बाय, टाकी बांधाल खरी, पण तिच्यात भरणार काय?"

दुसऱ्या दिवशी देवळात ग्रामसभा जमली. मंडळाचे अध्यक्ष पुढे बसले होते. सरपंचबाई म्हणाल्या, "काका, सभेचा चहा ठेवायचाय आणि घरात पाणी नाही. एवढी कळशी भरून आणता?"

काका उठले. चार चाकरमानी त्यांच्या मागोमाग गेले. दीड तासाने पाचही जण वर आले. धोतर-पँटी मातीने भरलेल्या, कळश्या अर्ध्याच. काका बराच वेळ पायरीवर बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, "झऱ्याकडची ही पाखाडी कधीपासून अशी ढासळलीय?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून," आजी म्हणाली.

कोणी काही बोललं नाही. मग निवृत्त गुरुजी उठले. "आपल्या महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली ठराव केला, की चवदार तळं सगळ्यांना खुलं. पण ज्यांना तहान होती त्यांची ओंजळ त्या पाण्याला लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले, तेव्हा. कागदाला तहान लागत नाही, माणसाला लागते. म्हणून ठराव करणाऱ्याने आधी पाण्यापर्यंत चालत जावं."

आराखडा नव्याने मांडला गेला. बंधित निधीतून झऱ्याचं तोंड मोकळं करून तिथेच साठवण टाकी, आणि उताराने बौद्धवाडीपर्यंत नळ. अबंधित निधीतून पाखाडीच्या पायऱ्या. कमानीचं नाव काकांनी स्वतःच्या हाताने खोडलं. आणि म्हणाले, "माती उपसायला आमची पोरं येतील."

पुढच्या मे महिन्यात काका आले, तेव्हा पहाटे नळ वाहत होता. पायऱ्यांवरून एक सून भरली कळशी घेऊन चढत होती आणि रात्रभर झोपलेली आजी अंगणात बसली होती. वाडीचं नाव दुरून अजूनही दिसत नव्हतं. काकांना त्याची आठवणही झाली नाही.

तात्पर्य : गावाचा पैसा कुठे लावायचा हे ठरवताना पहिला शब्द त्याचा, ज्याच्या डोक्यावर त्या उणिवेचं ओझं आहे. आणि ज्याच्या डोक्यावर ते नाही, त्याने हात वर करण्याआधी एकदा तरी ते उचलून पाहावं.